पन्नास केबी म्हणजे नक्की किती?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे दहा वाजून गेले होते. जेवणं आटोपली होती, बाबा बातम्या पाहता पाहता डुलक्या काढत होते आणि मी गच्चीचं दार लावायला उठलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी, हातात उघडा लॅपटॉप. मागे स्वतः काकू, चेहरा पडलेला.

"दादा, जरा पाहता का? आज शेवटचा दिवस आहे."

(दादा म्हणते हे तिचे उपकार. वयाने मी आता सरळ सरळ काका आहे.)

एका भरती परीक्षेचा अर्ज होता. नाव, गाव, जात, शिक्षण, मार्क, सगळं भरून झालेलं. अडलं होतं फोटोपाशी. फोटो निवडला की आधी हिरवी टिकली यायची, जीव भांड्यात पडायचा, आणि 'पुढे जा' दाबलं की लाल अक्षरांत एक ओळ यायची. इंग्रजीत होती, पण अर्थ असा: आपल्या फाईलचा आकार ५० केबी आहे. कमाल मर्यादा ५० केबी.

"हे पाहा ना. पन्नासच तर आहे. मग हे नाही का म्हणून राहिलं?"

फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून आणलेला. असे झेरॉक्सवाले तुमच्याकडेही असतील. दुकानाबाहेर पाटी असते, 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, फोटो-सही केबीमध्ये करून मिळेल'. वीस रुपये घेतले होते त्याने, आणि काम चोख केलं होतं. उगाच फोटो धूसर होऊ नये म्हणून बरोब्बर पन्नासला आणून ठेवला होता. फोल्डर उघडून पाहिलं तर तिथेही स्वच्छ ५० केबी लिहिलेलं.

काकू मागून हळूच म्हणाल्या, "हिचंच काही तरी चुकलं असेल. नीट वाचत नाही ही."

मी काय करायचं ते केलं. फोटो आणखी थोडा दाबला, ३८ केबीचा केला, चढवला, पैसे भरले गेले, पावती निघाली. अकरा वाजायच्या आत दोघी खाली गेल्या. पण मला काही झोप येईना. एक तर काकूंचं ते वाक्य. चूक पोरीची नव्हती, झेरॉक्सवाल्याची नव्हती, आणि तरी घरातल्या घरात तीच बोलणी खात होती. आणि दुसरं म्हणजे ती लाल ओळ. ती मला ओळखीची वाटत होती. आपल्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी अचानक दुसऱ्याच्या घरात सापडावी तशी.

त्या ओळीकडे येतो. आधी त्या फोटोचा हिशेब सांगतो, कारण आत्या आणि नाशिकचा मामा हे वाचणार आणि दोघंही फोन करून "म्हणजे काय रे?" विचारणार.

ती फाईल होती ५०,३८१ बाइटची. बाइट म्हणजे सुटे दाणे समजा, ते मोजता येतात, त्यात अर्धा-पाव काही नसतं. भानगड सुरू होते ती त्यांचे केबी करताना. एका केबीत बाइट किती? कॉम्प्युटरवाल्यांची जुनी सवय १०२४ म्हणायची, कारण यंत्राला दुप्पट-दुप्पट करत जायला आवडतं. दोन दहा वेळा मांडून गुणले की १०२४ येतात, आणि ते हजाराच्या जवळ आहेत म्हणून त्यालाच 'किलो' म्हणून टाकलं. बाकी सगळ्या जगात किलो म्हणजे हजार. १९९८ साली आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्यांनी हा घोळ मिटवायला १०२४ वाल्याला 'किबीबाइट' असं नवं नाव दिलं. तुम्ही कुणाच्या तोंडी ऐकलंय? मी पण नाही. विंडोज आजही १०२४ ने भागून त्याला केबीच म्हणतं. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर १००० चा हिशेब सुरू केला. डिस्क विकणारे आधीपासून १००० ने मोजतात, कारण त्यात आकडा मोठा दिसतो.

तर ५०,३८१ ला १०२४ ने भागलं की येतात ४९.२. हजाराने भागलं की येतात ५०.३८. आता विंडोजची गंमत बघा. फोल्डरच्या यादीत ते आकडा नेहमी वरच्या पूर्ण केबीला नेतं, म्हणून तिथे ५०. त्याच फाईलच्या प्रॉपर्टीज उघडल्या की ४९.२. आणि त्याच खिडकीत खाली 'डिस्कवरचा आकार' म्हणून ५२, कारण डिस्क जागा सुट्या दाण्यांनी देत नाही, ४०९६ दाण्यांच्या पोत्यांनी देते, आणि तेरावं पोतं थोडंसंच भरलं तरी अख्खं धरावं लागतं. एक फोटो, एक लॅपटॉप, तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या परीने खरे.

त्या संकेतस्थळाच्या पोटात काय होतं ते मला दिसणं शक्य नाही. पण आकडे जुळवून पाहिले तर एकच गोष्ट बसते. पानावरची तपासणी एकाने लिहिलेली, १०२४ ने भागणारी, म्हणून ४९ आणि हिरवी टिकली. सर्व्हरवरची तपासणी दुसऱ्याने लिहिलेली, सरळ ५०,००० बाइटची, म्हणून नकार. आणि नकाराची ओळ लिहिताना ५०.३८ चं राउंड करून ५० केलेलं, कारण पॉइंटनंतरचे आकडे पानावर बरे दिसत नाहीत! म्हणजे नकाराचं खरं कारण ते ०.३८ होतं, आणि सांगताना नेमकं तेच पुसून टाकलेलं.

ओळखीचं वाटलं ते हेच.

साधारण २००९ ची गोष्ट असेल. मी नागपुरातल्याच एका छोट्याशा कंपनीत होतो. चार टेबलं, एक इन्व्हर्टर, आणि उन्हाळ्यात कूलरच्या खसाच्या वासात बसून पीएचपी लिहिणारे आम्ही तिघं. एका संस्थेच्या प्रवेश अर्जाचं काम आलं होतं. फोटो ५० केबीच्या आत हवा, ही अट त्यांचीच. ती तपासणी मी लिहिली होती. त्या कामाची एक सीडी मी का कोण जाणे जपून ठेवली होती, आणि तिची प्रत पुढे बाबांच्या डिस्कवर गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शोधून काढली आणि उघडली.

आपला पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा कोड वाचणं म्हणजे कॉलेजातली प्रेमपत्रं वाचण्यासारखं असतं, हे प्रोग्रॅमर मित्रांना सांगायला नको. पण यात नुसती लाज वाटण्यासारखं नव्हतं, त्याच्या पुढचं होतं.

मी काय केलं होतं, तर बाइटला १०२४ ने भागलं होतं (इथपर्यंत ठीक), मग ते नंबर_फॉरमॅट नावाच्या फंक्शनमधून काढलं होतं आणि जे आलं त्याची तुलना ५० शी केली होती. नंबर_फॉरमॅट आकडा नीटनेटका करून देतं. पॉइंटनंतर दोन घरं, हजाराच्या जागी स्वल्पविराम. ५१.२ दिलं की ५१.२०, आणि १२८० दिलं की १,२८०.००. दिसायला छान. पण तिथून बाहेर पडतो तो आकडा नसतो, ते अक्षर असतं, स्ट्रिंग. आणि त्या काळच्या पीएचपीला अक्षराची तुलना आकड्याशी करायला लावली, की ती डावीकडून जेवढे अंक वाचता येतील तेवढे वाचायची आणि अडली की थांबायची. स्वल्पविरामाशी ती अडायची.

म्हणजे ५१ केबीचा फोटो आला की ५१ हे ५० पेक्षा जास्त, परत पाठवा. आणि कॅमेऱ्यातून काढून तसाच चढवलेला सव्वा एमबीचा, म्हणजे १,२८० केबीचा फोटो आला की पीएचपी वाचणार '१', पुढे स्वल्पविराम, थांबा. एक हे पन्नासपेक्षा कमी. या, बसा!

मी दोनदा वाचलं. मग खात्री करायला चालवूनही पाहिलं. (पीएचपी ८ मध्ये ही तुलनेची पद्धत बदलली आहे, पण माझ्या चुकीला त्याचा काही उपयोग नाही. तिथे दोन्हीकडे अक्षरं म्हणून तुलना होते आणि '१' हे '५' च्या आधीच येतं. निकाल तोच.)

सर्व्हरची स्वतःची मर्यादा २ एमबीची होती, तेव्हा त्यावरचं काही आत येत नव्हतं. पण हजार केबीपासून दोन एमबीपर्यंत सगळ्यांना दार सताड उघडं, आणि ५१ वाल्याला दारातून परत. ज्याने वीस रुपये घालून, नेट कॅफेत बसून, फोटो लहान करून आणला आणि तो अंमळ मोठा राहिला, तो अडला. ज्याने काहीच केलं नाही, तो निघून गेला.

अजून संपलं नाही. आठवलं तशी पुढची गोष्ट जास्त टोचायला लागली. प्रवेशाच्या मध्यावर त्या संस्थेतल्या बाबूंचा फोन आला होता, सर्व्हरवरची जागा फार झपाट्याने भरते आहे. हजारो फोटो, प्रत्येकी ५० केबी, एवढी जागा लागायचं कारण नव्हतं. आम्ही तिघांनी चहा पीत पीत विचार केला. कुणीही उठून चार फायली उघडून पाहिल्या नाहीत. ठरलं असं, की मर्यादा ५० वरून ४० करू. केली. एका ओळीतला एक आकडा बदलायचा होता, मीच बदलला. बाबूंना कळवलं, "काम हो गया साहेब."

थोडक्यात, दोन एमबीवाल्यांनी जागा खाल्ली आणि त्याची शिक्षा आम्ही ४१ ते ५० वाल्यांना दिली. त्यातले किती जण परत फिरून पुन्हा कॅफेत गेले असतील, कितींच्या वीस रुपयांचे चाळीस झाले असतील, कुणाची शेवटची तारीख हुकली का, यातलं काहीही आता कळायचा मार्ग नाही. परत पाठवलेल्यांची नोंद आम्ही ठेवलीच नव्हती. आणि एकाचाही तक्रारीचा फोन आला नव्हता, हे मला पक्कं आठवतं. तेव्हा त्याचा आम्हाला अभिमान वाटला होता. आता वाटतं, त्या सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी म्हणालं असेल, हिचंच काही तरी चुकलं असेल.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांचा या विषयाशी जुना झगडा आहे. २०१२ साली बर्डीवरून त्यांना ५०० जीबीची डिस्क आणून दिली होती. घरी आणून लावली तर ४६५ दिसले. बाबा आयुष्यभर बँकेत पैशांचा ताळा जुळवणारे, ते गप्प बसणार? "पस्तीस जीबी खाल्ले का रे त्यानं?" मी समजावलं की पेटीवरचे जीबी हजाराच्या हिशेबाचे, पडद्यावरचे १०२४ च्या. दर पायरीला फरक वाढत जातो. केबीला २.४ टक्के, जीबीला ७.४, आणि टीबीला गेलं की जवळजवळ १०. त्यांनी वहीत भागाकार करून पाहिला, ४६५.६६ आला, तेव्हा कुठे दुकानदार सुटला. मात्र ते ०.६६ का दिसत नाही, हे त्यांनी लगेच विचारलं. विंडोज तिथे खाली छाटतं म्हणून, असं सांगितल्यावर म्हणाले, "फोल्डरमध्ये वर, डिस्कला खाली. बरं आहे." (हा झगडा आपल्याच घरात झाला असं समजू नका. अमेरिकेत लोक यावरून कोर्टात गेले होते. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने तडजोड म्हणून गिऱ्हाइकांना फुकट बॅकअप सॉफ्टवेअर दिलं होतं.)

तर माझ्या कोडची हकीकत ऐकून बाबा म्हणाले, "हे तर नव्या पैशांसारखं झालं."

आजोबांचं इतवारीत किराणा दुकान होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते आणि शाळा सुटल्यावर गल्ल्याशी बसायचे. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. बाबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे घोकले होते ते या हिशेबासाठी. रुपयाचा अर्धा आठ आणे, त्याचा अर्धा चार, त्याचा दोन, त्याचा एक. कुठे पॉइंट येत नाही. माप आणि तराजू ज्यांच्या हातात आहे त्यांना निम्मं-निम्मं करत जाणं सोपं असतं, म्हणून शेराचेही सोळा छटाक. मला हे ऐकताना गंमत वाटली. सोळा, चौसष्ट, १०२४ ही एकाच खानदानातली मंडळी. कॉम्प्युटर आपल्या पणजोबांच्या पद्धतीने मोजतो आणि डिस्क विकणारा नव्या पैशांत बोलतो.

आणा झाला सव्वासहा नव्या पैशांचा. पाव नव्या पैशाचं नाणं तर नव्हतं. मग? तर कायद्यात हे लिहिलेलं होतं. जवळच्या नव्या पैशाला न्यायचं, आणि बरोब्बर मधोमध आलं तर खालच्या. म्हणून एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे साडेबारा न धरता १२, तीन आणे म्हणजे पावणेएकोणीसचे १९, चार आणे पुरे २५. ते कोष्टक दुकानात टांगलेलं असायचं. बाबांना ते अजून पाठ आहे.

आणि पोरंसोरंही ते कोष्टक लगेच शिकली! चार आण्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या तर २५ नवे पैसे. एकेक आण्याच्या चार वेळा घेतल्या तर सहा चोक चोवीस. पोरं दुकानातून बाहेर जायची, परत यायची, बाहेर जायची, परत यायची. सोळा वेळा आली तर रुपयामागे चार नवे पैसे आजोबांच्या खिशातून. शेवटी आजोबांनी नियम केला: जेवढं घ्यायचं ते एकदम सांगा, हिशेब शेवटी एकदाच होईल.

हिशेब शेवटी एकदाच. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात हे वाक्य मला कुणी इतक्या स्पष्ट सांगितलं नव्हतं. राउंड करायचं ते अगदी शेवटी, दाखवायच्या वेळी. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी आकड्याला पावडर-कुंकू लावलं आणि मग त्याची तपासणी केली.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. फाईल किती मोठी आहे हे माणसाला सांगताना केबी, एमबी, काय हवं ते म्हणा, राउंड करा, पॉइंट काढा. पण तिला आत घ्यायचं की नाही हे ठरवताना फक्त बाइट बघा. दाणे मोजा. बाइटच्या तुलनेत राउंडिंग येतच नाही, १००० की १०२४ हा वादही एकदाच होतो, मर्यादा लिहिताना. आणि ती मर्यादा दोन्हीतल्या मोठ्या मापाने ठेवा. तुम्ही ५० केबी म्हणताय ना? मग ५१,२०० बाइटपर्यंत येऊ द्या. हजाराने मोजणारा आला तरी त्यात बसेल, १०२४ ने मोजणारा आला तरी बसेल. हजार-बाराशे बाइटनी कुणाचा सर्व्हर बुडत नाही.

माझा एक जुना सहकारी (त्या तिघांतलाच) यावर हसला. म्हणाला, "अबे, दोन टक्क्यांचा फरक. किती लोक त्या फटीत सापडणार?" हे ऐकायला बरोबर वाटतं. लोकांच्या फाईली एक केबीपासून शंभर केबीपर्यंत सारख्या पसरलेल्या असत्या तर बरोबरही होतं. पण तशा त्या नसतात. तुम्ही ५० म्हटलं की प्रत्येक झेरॉक्सवाला, प्रत्येक भाऊ, प्रत्येक शेजारचा काका फोटो ५० ला आणून ठेवतो, कारण जितका जास्त दाबाल तितका चेहरा धूसर होतो. मर्यादेची रेघ ओढली की गर्दी त्या रेघेवरच उभी राहते. ती दोन टक्क्यांची फट म्हणजे ऐन दाराचा उंबरठा आहे.

शिवाय राउंड कुठल्या बाजूला करायचं, हे आपण भाषेवर सोडून मोकळे होतो, आणि भाषांचं तर विचारूच नका. पीएचपीचं राउंड अडीचचे तीन करतं. पायथन २ तेच करायचं. पायथन ३ ने रीत बदलली, अडीचचे दोन आणि साडेतीनचे चार, म्हणजे मधोमध आलं की जवळच्या सम आकड्याकडे. त्यालाही कारण आहे, बऱ्याच आकड्यांची बेरीज करायची असेल तर एकाच बाजूला झुकत नाही. सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर पुढचं सगळं छाटूनच टाकतात, तिथे ५०,९९९ भागिले १००० म्हणजे ५०. लिनक्सवर 'एलएस' ला माणसाला वाचता येईल असे आकडे दाखवायला सांगितलं की ते वर नेतं. प्रत्येकाची रीत आपल्या जागी ठीक असेल. पण नव्या पैशांच्या कायद्याने 'मधोमध आलं तर खाली' हे लिहून ठेवलं होतं. २०१७ च्या जीएसटी कायद्याच्या १७० व्या कलमातही लिहिलं आहे, पन्नास पैसे किंवा जास्त असले तर पुढचा रुपया, कमी असले तर सोडून द्या. अर्धा पैसा कुणाच्या पदरात पडायचा हे सरकारला लिहून द्यावं लागतं, आणि आम्ही प्रोग्रॅमर लोक ते एका फंक्शनच्या नावामागे टाकून घरी जातो.

आणि नकार द्यायचाच असेल तर निदान खरं कारण सांगा. 'तुमची फाईल ५०,३८१ बाइटची आहे, ५०,००० पर्यंत चालते, ३८१ कमी करा' एवढं लिहिलं असतं तर ती पोरगी माझ्याकडे आलीच नसती. आकडा रुक्ष दिसतो म्हणता? असू दे. रात्री साडेदहाला, शेवटच्या दिवशी, सुबक आकडा कुणाला हवाय?

मी त्या परीक्षेच्या मदत-पत्त्यावर हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. पोच आली, तक्रार क्रमांक आला. पुढे काही नाही. माझ्या जुन्या कोडचं काय करणार, ती संस्था केव्हाच दुसरीकडे गेली आणि आमची ती चार टेबलांची कंपनीही उरली नाही. तरी मी ती फाईल उघडली होती तशीच दुरुस्त केली. भागाकार काढला, स्वल्पविराम काढला, सरळ बाइटशी बाइट. कुठेही चालणार नाही आहे तो कोड, तरी केलं. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांना कोड कळत नाही, पण ओळी आधीपेक्षा कमी झाल्या हे कळलं.

खालच्या मजल्यावर परवा प्रवेशपत्र आलं. काकू दाखवायला वर घेऊन आल्या होत्या. केंद्र हिंगणा रोडला आहे, सकाळी साडेसातला पोचायचंय. फोटो तोच, मी दाबलेला, ३८ केबीचा. कानाजवळ जरा चौकोन चौकोन दिसतात. काकूंनी तीन-तीनदा विचारलं, "ओळखतील ना हो तिला?"